सुरीचे घर

‘म्यान’ हा शब्द आपण फारसीकडून घेतला खरा, पण घेताना त्याचा मूळ अर्थ तिकडेच ठेवून आलो. फारसीत ‘मियान’ म्हणजे मध्य, आणि देहाचा मध्य म्हणजे कमर; शस्त्र जेथे लटकवावयाचे त्या अवयवाचेच नाव शस्त्राच्या आवरणास मिळाले. संस्कृतात याच वस्तूस ‘कोश’ म्हणत, आणि तो शब्द पुढे रेशमाच्या किड्यास, राजाच्या खजिन्यास व पंडितांच्या शब्दसंग्रहास असा काही पुरून उरला की तलवारीची आठवणच त्यातून पुसली गेली. घरगुती मराठीने मात्र या दोहोंची वाट न पाहता आपला साधा शब्द आधीच करून ठेवला होता: घर. चष्म्याचे घर, तसे सुरीचे घर. तलवारी गेल्या, त्यांच्यामागून म्याने गेली, आणि आता ‘तलवार म्यान करणे’ हा राजकारणातल्या तहाचा वाक्प्रचार तेवढा मागे राहिला. परंतु शेतात, रानात, वाटेत कमरेस बाळगण्याची, न मिटणाऱ्या पात्याची जी साधी सुरी, तिच्या घराचा इतिहास तलवारीच्या म्यानाहून वेगळा आहे आणि तो लिहिण्याची गरज कोणास फारशी वाटलेली नाही.

तो लिहावा असे मला वाटले ते राजुरात. यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्वेस, वणी तालुक्यात, हे गाव आहे. लोक त्यास राजूर कॉलरी म्हणतात. महसूल दप्तरात ते राजूर इजारा. या दुसऱ्या नावात वऱ्हाडचा एक अख्खा अध्याय दडलेला आहे. १८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आल्यानंतर या बाजूचा ओसाड मुलूख लागवडीस यावा म्हणून १८६५ च्या नियमांन्वये पडीक गावे दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने इजारदारांस देण्यात आली. जिल्ह्याचे नावही तेव्हा वणी जिल्हा असे होते. यवतमाळ हे नाव १९०५ सालचे. इजारदारी संपली, पट्टे जीर्ण झाले, पण ‘इजारा’ हा शब्द या भागातील कितीतरी गावांच्या नावांस अजून चिकटून आहे. इजारदाराने हिशेब मांडला तो जमिनीच्या वरच्या हातभर काळ्या मातीचा. राजूरचे खरे धन त्याखाली होते: एका अंगास दगडी कोळसा आणि दुसऱ्या अंगास चुनखडी. कोळशाच्या खाणीचे नाव गावास पडले, १९७३ च्या राष्ट्रीयीकरणाने ती सरकारजमा झाली, आणि तिची कथा पुष्कळांस ठाऊक आहे. चुन्याच्या भट्ट्या त्या मानाने अबोल. एकाच गावात एका रस्त्यावर काळी धूळ व दुसऱ्यावर पांढरी, अशी ही चमत्कारिक वस्ती आहे. त्या पांढऱ्या धुळीत उभा असताना माझ्या मनात आले की, भिंतीस आणि विड्याच्या पानास चुना लागतो हे आपण सारे जाणतो, पण चुन्याशिवाय चामडे नाही ही गोष्ट मात्र सहसा कोणास आठवत नाही.

ती गोष्ट अशी. भट्टीत सुमारे ९०० अंशांच्या आचेने चुनखडीतील वायू निघून गेला की हाती येतो तो कळीचा चुना. त्यावर पाणी पडताच तो उकळ्या फोडीत फुलतो आणि विरलेला चुना तयार होतो. या चुन्याच्या पाण्यात ताजे कातडे काही दिवस बुडवून ठेवले म्हणजे केसांची मुळे सैल होतात, अंगची चरबी साबणासारखी होऊन सुटते, आणि तंतूंची घट्ट वीण उमलते. मग बोथट सुरीने केस खरवडून काढता येतात. चुना धुऊन काढल्यावर कातड्यास बाभळीची साल, तरवडाची साल व हिरडा यांचा काढा पाजावयाचा. आपल्या मुलखात यासाठी मोठे हौद नसत. कातडे पिशवीसारखे शिवून ते तिकाटण्यावर टांगीत, आत कुटलेली साल भरून वरून काढा ओतीत, आणि तो काढा कातड्याच्या रंध्रारंध्रातून थेंबथेंब पाझरून खालच्या भांड्यात पडला की पुन्हा वर ओतीत. काही दिवसांनी पिशवी उलटी टांगून तेच कर्म दुसऱ्या टोकाने. कातडे स्वतःच हौद, स्वतःच गाळणे आणि स्वतःच गाळली जाणारी वस्तू, अशी ही योजना आहे, आणि भांडवल नसलेल्या माणसाच्या बुद्धीचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे चटकन सुचत नाही.

हे काम कोठे ढोर समाजाकडे, कोठे चर्मकारांकडे असे. मोट, नाडा, वहाणा, पखाल यांवाचून गावगाडा एक दिवस चालला नसता, आणि तरीही ज्या हातांनी हे केले त्यांची वस्ती गावाबाहेर होती. जुन्या धंद्यांवर लिहिताना आपल्याकडे जो एक हळहळीचा सूर लागतो त्यापासून येथे सावध राहिले पाहिजे. १९२७ च्या महाड परिषदेपासून बाबासाहेब आंबेडकरांच्या उपदेशाने ठिकठिकाणच्या महारांनी मेलेली जनावरे ओढण्याचे काम व मृतमांस खाणे टाकले. ते टाकणे न्यायाचे होते, आणि त्यामुळे एखाद्या कसबाची साखळी तुटली असेल तर तिचा दोष टाकणाऱ्यांवर नसून ज्या गावाने ते कसब मानासह मोल देऊन राखले नाही त्या गावावर आहे. एवढे सांगून मी पुन्हा सुरीकडे वळतो.

विदर्भात लोखंड जुने आहे. नागपूरजवळ माहुरझरी, नायकुंड, टाकळघाट-खापा येथील शिळावर्तुळांच्या दफनांतून सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या कुऱ्हाडी, सुऱ्या व खंजीर निघाले. नायकुंडास तर लोखंड गाळण्याची भट्टीही सापडली. खंजीर आहेत, त्यांची आवरणे नाहीत. आपली काळी माती उन्हाळ्यात फाटते, पावसाळ्यात फुगते, आणि तिच्यातून जे वाचेल ते वाळवी सोडत नाही. चामड्यास या भूमीत अमरत्व नाही. थंड आणि पाणथळ देशांचे भाग्य निराळे. आल्प्स पर्वतातील बर्फात १९९१ मध्ये जो पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा मनुष्यदेह सापडला, त्याच्याजवळील गारेच्या छोट्या सुरीस झाडाच्या अंतर्सालीच्या तंतूंचे विणलेले घर होते. आणि लंडनात थेम्स नदीच्या काठच्या चिखलातून मध्ययुगीन सुऱ्यांची चामडी घरे शेकड्यांनी निघाली, त्यांवरील नक्षी व शिवणीची छिद्रेसुद्धा शाबूत. पुरावा सापडतो तो वस्तू जेथे सडत नाही तेथे, वस्तू जेथे होती तेथे सापडेलच असे नाही, हा पुरातत्त्वाचा जुना चकवा आहे.

मराठेशाहीतील तलवारीच्या म्यानाची रचना आपणांस माहीत आहे, कारण ती म्याने वस्तुसंग्रहालयांत आहेत. आत लाकडाच्या दोन पातळ फळ्या, वर चामडे किंवा मखमल, तोंडाशी धातूची मोहनाळ आणि टोकास तहनाळ. हे काम जीन-साज करणाऱ्या जिनगरांच्या कसबात मोडे, आणि पाते लखलखीत ठेवणे शिकलगाराच्या. नेपाळच्या खुकरीचे आवरण आजही याच घाटाचे: आत लाकूड, वर म्हशीचे कातडे. येथे चामडे हा केवळ अंगरखा आहे. आकार लाकडाचा, चामडे त्यावर ताणून बसवलेले. कामकऱ्याच्या हत्याराच्या नशिबी हाही अंगरखा नव्हता. विळ्याच्या वाकास कोणते घर शिवणार? तो छपराच्या वाशात खोचावयाचा. कोकणातला माणूस कोयता पाठीमागे कमरेच्या लाकडी आकड्यात उघडाच अडकवतो, कुऱ्हाड खांद्यावर, आणि या वणी-पांढरकवड्याच्या रानात बांबू चिरून टोपल्या व तट्टे विणणाऱ्या कोलामांच्या हातचे पाते दिवसभर हातातच असल्यामुळे त्याला घरी जाण्यास सवडच नाही.

मग चामड्यास लाकडाच्या आधाराशिवाय, निव्वळ त्याच्याच अंगच्या गुणाने, आकार देण्याची विद्या या भूमीत नव्हती काय? होती, आणि उत्तम होती. पण ती शस्त्राच्या मागे न लागता तुपातेलाच्या मागे लागली होती. तिचे नाव बुधला.

बुधला म्हणजे तूप, तेल वाहून नेण्याचे चामडी भांडे. मातीचा घडा साच्यासाठी करावयाचा, त्यावर ओल्या, मऊ कातड्याचे तुकडे थर देऊन चिकटवावयाचे, दाबून-घोटून सांधे एकजीव करावयाचे, आणि चामडे वाळून कडक झाले की आतली माती फोडून झाडून टाकावयाची. राहते ते अरुंद गळ्याचे, फुगीर पोटाचे, बैलाच्या पाठीवरून पडले तरी न फुटणारे पात्र. अत्तराच्या कुप्प्याही याच रीतीने होत. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये मध्यप्रांतातील जातीजमातींवर जो चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात छिंदवाड्याकडील बुदलगीरांची नोंद आहे. हे लोक बुधले करीत म्हणून त्यांना ते नाव मिळाले. आणि त्याच नोंदीत त्यांच्या धंद्याची मृत्युवार्ताही आहे: रॉकेलच्या पत्र्याच्या डब्याने बुधला हटवला. एका शतकाच्या उलथापालथीचे इतके आटोपशीर वर्णन सरकारी इतिहासकारांच्या हातून क्वचितच झाले असेल. रॉकेल संपल्यावर रिकामा डबा फुकटात पडून असे. त्याला ना चुना लागे, ना बाभूळ, ना मातीचा साचा. लढाईत हरलेल्याचे पोवाडे तरी होतात, पण ज्याला रिकाम्या डब्याने हरवले त्याचे काय गाणार?

सुरीचे चामडी घर हे या बुधल्याचेच धाकटे भावंड आहे, असे माझे म्हणणे आहे. साचा मातीचा न घेता सुरीचाच घ्यावयाचा, एवढाच भेद. उत्तरेकडे फिनलंडात पुक्को नावाच्या सुरीचे घर असेच ओल्या चामड्याचे, जवळजवळ मुठीपर्यंत चढवून, घट्ट बसवलेले असते. त्यास ना बंद ना बटण, केवळ अंगासरसा आकार सुरीस धरून ठेवतो. तत्त्व सर्वत्र एक. साल-हिरड्याच्या काढ्यात कमावलेले चामडे पाणी प्याले की मऊ मातीसारखे होते, आणि त्या स्थितीत त्यास जो आकार दाबून द्यावा तो वाळल्यावर ते विसरत नाही. हा गुण क्रोमच्या चामड्यात नाही. ऑगस्टस शुल्ट्झ याने १८८४ मध्ये अमेरिकेत क्रोमच्या क्षारांनी कातडे कमावण्याच्या कृतीचे पेटंट घेतले, विसाव्या शतकाच्या आरंभी मद्रासेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी ती कृती रुजवण्याचे प्रयोग केले, आणि दिवसांचे काम तासांवर आले. पण क्रोमचे चामडे लवचीक, उकळत्या पाण्यासही न बधणारे असल्यामुळे दिलेला आकार ते झटकून टाकते.

हे सारे पुस्तकी ज्ञान हाताने पडताळून पाहावे म्हणून मी स्वतः एक घर करून पाहिले. बाभूळ-हिरड्यात कमावलेल्या म्हशीच्या कातड्याचा एक सूत जाडीचा तुकडा घेतला (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुतार आणि लोहार अजून याच मापात बोलतात). वणीच्या आठवडी बाजारात रस्त्याकडेला रापी-आरी मांडून बसलेल्या एका वृद्ध चर्मकारांपाशी बसून ते बेतले. दुमडलेल्या कातड्याच्या दोन कडांमध्ये त्यांनी मला एक तिसरी चिंचोळी पट्टी घालावयास लावली. ती नसली तर पात्याची धार आत-बाहेर करताना थेट शिवणीवर येते आणि दोरा कापते. दोऱ्यास मेण लावून, एकाच भोकातून दोन्ही बाजूंनी ओढून त्यांनी पहिले चार टाके दाखवले. मग कोमट पाण्यात कातडे बुडवले. त्यातून बारीक बुडबुडे येऊ लागले. मी ते उचलू लागताच ते म्हणाले, “त्याले पानी पिऊ द्या, भाऊ, घाई कराल तं ते रुसन.” बुडबुडे थांबल्यावर बाहेर काढले, सुरीस एरंडेल चोळून तेलकट कागदात गुंडाळली आणि आत सारली. नंतरचा अर्धा तास म्हणजे केवळ अंगठ्याचे काम: पात्याच्या पाठीलगत, मुठीच्या बुडाशी, जेथे लोखंड संपून लाकूड सुरू होते त्या खाचेत, शिंगाच्या बोथट पट्टीने पुनःपुन्हा घोटावयाचे. हळूहळू चामड्याखालून सुरी दिसू लागली; ओल्या लुगड्याखालून पाट्याची कड दिसावी तशी. “आता सावलीत ठेवा,” ते म्हणाले. “किती वेळ, काका?” “दोन दिस. उन्हात नोका ठेवू.”

मी दोन दिवस धीर धरला नाही. वरून कोरडे लागले म्हणून दुसऱ्याच सकाळी मेण देण्यास बसलो. मधमाशीचे मेण सुमारे ६३ अंशांस वितळते. ते पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून मंद आचेवर वितळवावे, थोडे तेल मिसळावे, कोमट चामड्यावर फडक्याने चोळावे, आणि ते आत जिरेपर्यंत शेकावे, ही रीत. मी मेणाचे भांडे थेट चुलीवर ठेवले, आणि चोळण्याचा कंटाळा करून घर तसेच त्यात बुडवले. चामड्याच्या पोटात ओल शिल्लक होती. ओले चामडे ऐंशी अंशांच्या आसपास आले की त्याचे तंतू आक्रसतात, आणि मेण धुरावण्याच्या बेतास आले होते. डोळ्यांदेखत माझे घर चुरगळून सुकलेल्या आवळकाठीसारखे झाले; आज ते माझ्या मेजावर कागदांवर वजन म्हणून आहे आणि त्या कामास फार छान आहे. मध्ययुगात युरोपातले कारागीर याच आक्रसण्याचा जाणूनबुजून उपयोग करून चामडे लाकडासारखे कठीण करीत व त्याची चिलखते घडवीत. माझ्याकडून झाले ते अजाणता, आणि त्यात कोणतीही सुरी शिरत नाही. दुसरे घर मात्र साधले. मेण जिरता जिरता त्याचा तांबूस रंग गडद होत जुन्या चिंचेसारखा झाला, आणि त्यावर पडलेला पाण्याचा थेंब अळूच्या पानावर राहावा तसा गोळी होऊन राहिला.

मेण या भागास परके नाही. रानातल्या आग्या मोहोळाची पोळी पिळल्यावर उरलेला चोथा उकळत्या पाण्यात टाकून, फडक्यातून गाळून, थंड होऊ दिला की वर मेणाची चकती जमते. मोटेस एरंडेल, वहाणेस करंजीचे तेल आणि दोऱ्यास मेण, असा चामड्याचा आहार ठरलेला होता. हा सगळा व्यवहार पुन्हा प्रतिष्ठेने उभा करावा असा एक मोठा प्रयत्न वर्धा नदीपलीकडे, फार लांब नव्हे, झाला. गांधीजींनी १९३४ मध्ये ‘हरिजन’ पत्रात खेड्यातील चर्मोद्योगावर लिहिले. कोट्यवधी रुपयांचे कच्चे कातडे परदेशी जाते आणि पक्का माल होऊन परत येते, यावर त्यांचे बोट होते. त्याच वर्षाच्या अखेरीस वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, आणि १९३५ च्या सुमारास नालवाडीस गोपाळराव वाळुंजकरांनी चर्मालय चालवले. तेथे केवळ आपोआप मेलेल्या जनावरांचे कातडे घेत, आणि सवर्ण घरांतील शिकलेली माणसे चुन्याच्या कुंडीत हात घालीत. या दुसऱ्या गोष्टीचे मोल मला पहिलीहून अधिक वाटते. पुढे १९७४ मध्ये शासनाने चर्मोद्योगासाठी महामंडळ काढले, त्यास आज संत रोहिदासांचे नाव आहे. साल-हिरड्याचे जुने कमावणे आपल्याकडे टिकले ते मुख्यतः कोल्हापुरी वहाणेच्या आश्रयाने.

आणि सुरी? १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने रयतेच्या कमरेची शस्त्रे परवान्याच्या बंधनात आणली, पण शेतीची अवजारे त्यातून वगळली. स्वतंत्र भारताच्या नियमांतही नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या सुरीस शस्त्र म्हटले असून घरगुती, शेतकीच्या व औद्योगिक कामाच्या सुऱ्यांस सूट आहे. माझी सुरी साडेचार इंचांची, बांबूची कामटी सोलण्याइतकी आणि आंबा कापण्याइतकी. सरकारास तिच्याविषयी काही म्हणावयाचे नाही.

त्या काकांनी मात्र म्हणून ठेवले होते, आणि मी ते पहिल्या पावसाळ्यात विसरलो. साल-हिरड्याच्या चामड्यात काढ्याचा अंश कायम राहतो. हवेतली ओल त्यास मिळाली की तो लोखंडास खातो. आषाढात पंधरा दिवस सुरी घरातच राहिली, बाहेर काढली तेव्हा पात्यावर निळसर-काळे डाग होते आणि पितळी खिळ्यांभोवती हिरवा जंगाल चढला होता. तेव्हापासून मृग लागला की सुरी एरंडेल लावून फडक्यात बांधून फळीवर जाते, आणि तिचे घर दाराआडच्या खुंटीवर रिकामे लटकते. आत सुरी नसली तरी पोट तसेच फुगीर, मुठीची खाच तशीच उमटलेली.